सकाळच्या घाईत घरची कॉफी: कोणतं साधन घ्यावं, ते कसं वापरावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातलं चौघांचं घर. दोघांना सकाळी दुधाची कॉफी लागते, एकाला बिनदुधाची, आजी चहावाल्या. आजवर इन्स्टंटवर भागलं, आता जरा बरी कॉफी हवी आहे. पण साडेसातला घर सोडायचं असतं, मशीनवर दहा-वीस हजार घालायचे नाहीत आणि धुवायची भांडी वाढायला नकोत. शिवाय पाणी बोअरचं चालेल का, हेही विचारलं आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. दोन कपांचा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर (भोकांच्या तळाचा वरचा डबा आणि कॉफी साठवणारा खालचा डबा) घ्या आणि तो सकाळी नव्हे, रात्री लावा. बिनदुधाची पिणाऱ्याने पहिला महिनाभर त्याच डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कडक अर्कात, गरम पाणी घालून प्यावी. नाही पटली तर त्याच्यापुरता एरोप्रेस, म्हणजे एका कपाची कॉफी दाबून काढायची प्लॅस्टिकची पिचकारी, घ्यावा. उरलेले पैसे चांगल्या पावडरीवर घाला. साधन बदलून चवीत जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त पावडर ताजी असण्याने आणि पाणी योग्य असण्याने पडतो.

सोयीचं म्हणाल तर कॉफी गाळायला चार मिनिटं लागतात की वीस, याला फारसं महत्त्व नाही. तुमची किती मिनिटं हात अडकवून जातात आणि धुवायला किती पाणी लागतं, ते मोजा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच मोठा आहे. स्टीलच्या फिल्टरला लावायला तीन मिनिटं आणि धुवायला पेलाभर पाणी लागतं. फ्रेंच प्रेसचा, म्हणजे आतली जाळी दांड्याने दाबून कॉफी गाळायच्या भांड्याचा, चिखल काढायला त्याच्या तिप्पट-चौपट पाणी सहज जातं.

फिल्टर विकत घेताना मोठा घेऊ नका, कारण बहुतेकांची पहिली चूक तीच असते. ‘पाहुणे आले तर’ म्हणून सहा कपांचा फिल्टर आणतात आणि त्यात रोज दोन कपांची पावडर घालतात. रुंद डब्यात तेवढी पावडर पातळ पसरते, पाणी तिच्यातून भर्रकन निघून जातं आणि खाली तपकिरी पाणी मिळतं. वरच्या डब्यात पावडरीचा थर निदान दोन सेंटीमीटर व्हायला हवा. दुकानात वरचा डबा उजेडाकडे धरून तळ बघा. भोकं बारीक, एकसारखी आणि मोकळी हवीत. कडेची बुजलेली आणि मधली मोठी असा माल नको. दुकानदार हरकत घेत नसेल तर रिकाम्या डब्यात पाणी ओतून बघा: ते बारीक धारांनी शॉवरसारखं पडायला हवं, एकदम धो-धो पडलं तर भोकं मोठी आहेत. वरचा डबा खालच्यावर नीट बसावा, पण झाकणासारखा गच्च बसू नये. त्याचं कारण पुढे येईल.

आता दोन कपांचं माप. फिल्टर कॉफीची पावडर 24 ते 25 ग्रॅम. वजनकाटा नसेल तर पोह्यांचा सपाट चमचा साधारण पाच ग्रॅम धरून पाच चमचे. पावडर वरच्या डब्यात घाला, डबा हलकेच आपटून ती सपाट करा, वर दांडीची चकती, म्हणजे छत्री, ठेवा आणि एका बोटाने जेमतेम दाबा. जोर लावायचा नाही. पाणी खळखळून उकळू द्या, गॅस बंद करा आणि वीस-तीस सेकंदांनी आधी फक्त 40 मिली पाणी छत्रीवर गोल फिरवत ओता. पावडर ताजी असेल तर ती फुगते आणि बुडबुडे येतात. एक मिनिट थांबा, मग उरलेलं 90 मिली हळूहळू ओता, झाकण लावा आणि विसरून जा. पावडर स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून 130 मिलीतून तुम्हाला सुमारे 80 मिली डिकॉक्शन मिळेल. कपाला 40 मिली डिकॉक्शन आणि 110 मिली गरम दूध, हे चहाच्या मोठ्या कपाचं माप झालं.

सगळं पाणी उतरायला वीस ते चाळीस मिनिटं लागतात, आणि म्हणूनच रात्री लावायचं. रात्री दहाला लावलेलं डिकॉक्शन सकाळी तयार असतं. सकाळी फक्त दूध तापवायचं. बिनदुधाचं डिकॉक्शन एका रात्रीत खराब होत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी उरलेलं ओट्यावर ठेवू नका, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका. चव दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक राहते, तिसऱ्या दिवशी शिळी लागते. थंड डिकॉक्शन गॅसवर उकळायचं नाही, कडू होतं. एक तर डबा गरम पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवा, नाहीतर सरळ कडकडीत दुधात घाला. 40 मिली गारव्याने कप फार थंड होत नाही.

आता बिघाड. पाणी उतरतच नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. चार कारणं असतात आणि याच क्रमाने तपासावीत. पहिलं, हवा अडकली. खालच्या डब्यात गरम थेंब पडून हवा फुगते, वरचा डबा गच्च बसला असेल तर तिला वाट मिळत नाही आणि थेंब थांबतात. वरचा डबा किंचित उचलून परत ठेवा. पुन्हा टपटप सुरू झालं तर कारण हेच. दुसरं, छत्री जोरात दाबली गेली. दांडी धरून ती थोडी सैल करा. तिसरं, पावडर मैद्यासारखी बारीक आहे, किंवा तिच्यात चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड, फार आहे. चिकोरी ओली झाली की चिकट होते आणि भोकांवर बसते. चौथं, भोकंच बुजली आहेत. जुन्या पावडरीचा कण आणि आपल्या पाण्याचा क्षार एकत्र बसला की ब्रशने निघत नाही. रिकामा वरचा डबा सांडशीत धरून मध्यम आचेवर मिनिटभर फिरवा, अडकलेले कण जळून राख होतात, गार झाल्यावर ब्रशने झटका. हे फक्त साध्या स्टीलच्या डब्याला. पितळी फिल्टरला आतून कल्हई असेल तर आचेवर धरू नका, कल्हई वितळते. क्षारासाठी महिन्यातून एकदा अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, घालून डबा दहा मिनिटं उकळा.

उलट तक्रार, पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं आणि डिकॉक्शन फिकं आहे, याचा अर्थ पावडर जाड आहे, थर पातळ आहे किंवा छत्री ठेवलीच नाही. आलेलं डिकॉक्शन परत वरून ओतून दोनदा गाळण्याचा उपाय काही घरांत करतात. त्याने रंग येतो, चव कडवट होते. त्याच पावडरीवर दुसरं पाणी घालायचं असेल तर घाला, पण ते वेगळ्या भांड्यात धरा. पहिल्यात मिसळलं की पहिलंही बिघडतं.

धुणं: चोथा निथळू द्या, डबा वर्तमानपत्रावर उपडा करून आपटा, वडी अखंड पडते. ती ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत. कुंडीत रोज एकाच झाडाला नको, माती वरून घट्ट होते. मग पेलाभर पाण्याने खंगाळून डबा उपडा ठेवा. साबण आठवड्यातून एकदा पुरतो, पण तो लावायलाच हवा, कारण कॉफीचं तेल धातूवर बसून खवट होतं आणि तो खवटपणा पुढच्या प्रत्येक कपात उतरतो.

पावडरीबद्दल. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. कायद्याने मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी घालता येते. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे, तिच्यात कॅफिन नसतं. ती रंग आणि दाटपणा देते, पाकीट स्वस्त करते. दूध-साखरेच्या कॉफीला 80:20 किंवा 70:30 छान लागते. 60:40 च्या पुढे गेलात की कॉफीचा वास मागे पडतो आणि जळक्या गुळासारखी चव पुढे येते; ज्यांना ती लहानपणापासूनची सवय आहे त्यांना तीच आवडते, त्यांच्याशी वाद घालू नये. बिनदुधाची पिणाऱ्याने चिकोरी नसलेलीच पावडर घ्यावी. तुमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा सुरुवात 100 टक्के कॉफीने करा आणि दुधाच्या कपासाठी डिकॉक्शन थोडं जास्त घाला. बियांमध्ये अरेबिका सुवासिक आणि किंचित आंबटसर, रोबस्टा कडक, दाट आणि जवळजवळ दुप्पट कॅफिनची. म्हशीच्या दुधात निव्वळ हलकी भाजलेली अरेबिका हरवून जाते. दोन्हींचं मिश्रण, मध्यम ते गडद भाजलेलं, तिथे टिकतं.

एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त दळलेली पावडर आणू नका. बेंगळुरूहून उद्यान एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्याला दोन किलो आणायला सांगण्याचा मोह होतो. आणायचीच असेल तर बिया आणायला सांगा, किंवा पाव-पाव किलोची बंद पाकिटं. उघडलेली पावडर दोन-तीन आठवड्यांत वास सोडते, आणि आपल्या उन्हाळ्यात गॅसशेजारच्या फडताळात ठेवली तर त्याहून लवकर. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब, अंधारी जागा. रोजचा डबा फ्रिजमध्ये नको. दर वेळी उघडताना आत दव धरतं आणि पावडर कांदा-लसणाचा वास ओढून घेते. जास्तीची पाकिटं फ्रीझरमध्ये चालतात, मात्र एकदा बाहेर काढलेलं पाकीट परत आत टाकायचं नाही, आणि ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचं.

बिया घेऊन घरी दळणार असाल तर मिक्सरने काम भागतं, थोडी युक्ती हवी. चटणीचं छोटं सुकं भांडं घ्या. त्यात काल शेंगाचटणी कुटली असेल तर लसणाचा वास धुऊन जात नाही. आधी मूठभर कच्चे तांदूळ फिरवून टाकून द्या. एका वेळी 30 ग्रॅम बिया, दोन-दोन सेकंदांचे झटके, प्रत्येक झटक्यानंतर भांडं उचलून हलवा. सलग फिरवलंत तर पावडर तापते आणि खालची मैदा, वरची डाळ अशी होते. मग रव्याच्या चाळणीतून चाळा. खाली पडलेली फिल्टरला, वर राहिलेली जाड पातेल्यात किंवा प्रेसमध्ये. हाताने फिरवायचा ग्राइंडर यापेक्षा कितीतरी एकसारखं दळतो, पण वीस ग्रॅमला दोन-तीन मिनिटं हात चालवावा लागतो. साडेसातच्या घाईत हे जमेल का, ते तुम्हीच ठरवा; माझ्या मते नाही, रविवारी जमेल.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे खरंच महत्त्वाचा आहे. बोअरचं जड पाणी कॉफीतला आंबटसर ताजेपणा मारतं, चव खडूसारखी सपाट लागते आणि भांड्यांना पांढरा थर धरतो. म्हणून बोअरचं नको. याच्या उलट आरओचं पाणी, ज्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप, वीस-तीसवर आणून ठेवलेला असतो, तेही बरोबर नाही: त्यात कॉफी पातळ आणि बोचरी लागते. कॉफीला साधारण 100 ते 150 टीडीएसचं पाणी मानवतं. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. आरओ मशीनला बहुधा टीडीएसचा स्क्रू असतो, मेंटेनन्सला येणाऱ्या माणसाकडून तो 100 च्या पुढे करून घ्या. ते नको असेल तर महापालिकेच्या नळाचं पाणी मिसळा. समजा आरओचं 30 आणि नळाचं 500 आलं, तर चार वाट्या आरओ आणि एक वाटी नळाचं मिळून 124 होतात. मिश्रण खळखळून उकळायचंच आहे, त्यामुळे नळाच्या पाण्याचा प्रश्न राहत नाही. मिसळायला बोअरचं घेऊ नका. त्यात विरघळलेलं काय आहे ते उकळून जात नाही.

तापमानाचा बाऊ करू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, इथे पाणी 98-99 अंशांना उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की ते कॉफीच्या कामाचं होतं. थर्मामीटर लागत नाही.

दूध. सायीसकट म्हशीचं दूध कॉफीला झाकून टाकतं. तीन वाट्या दुधाला एक वाटी पाणी घालून तापवा, किंवा डिकॉक्शन वाढवा. दूध एक उकळी येईपर्यंतच तापवायचं. चहासारखं दूध, पावडर आणि साखर एकत्र उकळत ठेवली तर कडू आणि राठ काहीतरी तयार होतं, त्याला कितीही वेलदोडा घाला. कपात आधी साखर, तिच्यावर डिकॉक्शन, मग वरून दूध. फेसासाठी दोन पेल्यांत उंचावरून चार वेळा ओता, नाहीतर ताकाची छोटी रवी दुधात अर्धा मिनिट फिरवा. कॉफी घालताच दूध नासलं तर दोष बहुतेक वेळा दुधाचा असतो: उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेलं दूध आधीच आंबायला लागलेलं असतं, डिकॉक्शनचा आंबटपणा शेवटचा धक्का देतो. हलक्या भाजलेल्या अरेबिकाबरोबर हे जास्त होतं.

बाकीची साधनं कोणाला उपयोगी आहेत ते सांगतो.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर पातेलं. 300 मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, 18 ग्रॅम जाड पावडर घाला, ढवळा, झाकण ठेवून चार मिनिटं थांबा. वर आलेली साय चमच्याने मोडा, एक चमचा गार पाणी शिंपडा, आणखी दोन मिनिटांत चोथा तळाशी बसतो. वरचं पाणी हळूच ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. आपला सोलापुरी टॉवेल जगात भारी असला तरी इथे नको, त्याच्या फुलीत निम्मी कॉफी राहते आणि उरलेलीत धागे येतात. चव विचाराल तर हा प्रकार फ्रेंच प्रेसच्या अगदी जवळचा आहे.

फ्रेंच प्रेस म्हणजे तेच, फक्त गाळणी भांड्यातच. 18 ग्रॅम, 280 ते 300 मिली, चार मिनिटं. दांडा दाबताना जड लागला तर पावडर बारीक आहे. जोर करू नका, गरम पाणी उडतं. किंचित वर ओढून परत सावकाश दाबा. दांडा तळापर्यंत रेटायचा नाही, पृष्ठभागाच्या थोडं खाली आला की पुरे, नाहीतर बसलेला गाळ उसळतो. काचेपेक्षा स्टीलचा घ्या. धुताना थोडं पाणी घालून गोल फिरवा आणि सगळं चहाच्या गाळणीत ओता. चोथा गाळणीत राहतो, मोरी तुंबत नाही. जाळीच्या चकत्या आठवड्यातून एकदा सुट्या करून धुवा, खवटपणा तिथेच लपतो. कॉफी झाल्यावर ती प्रेसमध्ये ठेवू नका, कडू होत जाते.

मोका पॉट हे इटलीचं, 1933 सालापासूनचं साधन आहे. खालच्या भांड्यात वाफेचा दाब तयार होतो, तो पाणी पावडरीतून वर ढकलतो. एस्प्रेसोची, म्हणजे मशीनच्या मोठ्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीची, सर येत नाही, पण दुधात उठून दिसेल अशी कडक कॉफी पाच-सात मिनिटांत मिळते. ‘तीन कप’ म्हणजे एस्प्रेसोचे इवलेसे कप. दुधाच्या कॉफीचे फार तर दोन होतात. गरम पाणी खाली झडपेच्या किंचित खालपर्यंत भरा, टोपलीत पावडर काठोकाठ भरून बोटाने सपाट करा, दाबू नका. आच मंद. वरच्या नळीतून मधाच्या रंगाचा फेस आणि घरघर सुरू झाली की लगेच उतरवून तळ ओल्या फडक्यावर टेकवा. तेवढ्यात उतरवलं नाही तर जळका वास येतो. आपल्या शेगडीच्या मोठ्या बर्नरवर याचा छोटा तळ दांड्यांमधून खाली घसरतो. लहान बर्नर आणि वर ठेवायची लोखंडी जाळी लागेल. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही. आणि यात चिकोरीची पावडर घालू नका, टोपली चोंदते. दाब अडला तर सुटका करायला ती एक झडपच असते, आणि जड पाण्याने तिच्यावरही क्षार बसतो. झडपेची दांडी अधूनमधून बोटाने हलवून बघायची.

एरोप्रेस हा अमेरिकी ॲलन ॲडलरने 2005 साली आणलेला प्लॅस्टिकचा पिचकारीवजा प्रकार. एकट्याच्या बिनदुधाच्या कॉफीला आणि पाणी वाचवायला याच्यासारखं दुसरं नाही. कागदी चकती लावा, ती गरम पाण्याने भिजवा, 15 ग्रॅम मध्यम-बारीक पावडर, 200 मिली पाणी, दहा सेकंद ढवळा, दीड मिनिट थांबा, तीस सेकंदांत सावकाश दाबा. टोपण काढून दांडा ढकलला की चोथ्याची कोरडी वडी कचऱ्यात पडते, रबर पुसून टाकलं की झालं. दाबताना फार जड गेलं तर पावडर जाड करा. पाणी आपोआप गळून जात असेल तर बारीक करा. कागद संपले की अडतं, म्हणून पुडा संपण्याआधी मागवा.

शंकूत कागद घालून वरून पाणी ओतायची पद्धत चवीला सगळ्यात स्वच्छ. 15 ग्रॅमला 250 मिली, आधी 40 मिलीने भिजवून अर्धा मिनिट, मग दोन-तीन टप्प्यांत, एकूण तीन मिनिटं. पण ती तीन मिनिटं तुम्ही हातात किटली धरून उभे असता, तेव्हा तुमच्या सकाळीत हे बसत नाही. एक गोष्ट लक्षात घ्या: कोलेस्टेरॉल वाढवणारे कॉफीतले तेलकट घटक कागदात अडकतात, धातूच्या जाळीतून आणि प्रेसमधून कपात येतात. दिवसाला चार-पाच कप पिणारा आणि कोलेस्टेरॉल वाढलेला कोणी घरात असेल तर कागद बरा.

उन्हाळ्यासाठी थंड पाण्यात भिजवलेली कॉफी आपल्या गावाला अगदी शोभते. 75 ग्रॅम जाड पावडर, 600 मिली पाणी, काचेची बरणी, सुरुवातीपासून फ्रिजमध्ये 16 तास. पारा 42 वर असताना बरणी ओट्यावर ठेवू नका, आंबूस वास धरते. मलमलमधून गाळा, फडकं पिळू नका. मिळालेल्या साधारण 450 मिली अर्कात तेवढंच गार पाणी किंवा दूध. माठातलं पाणी छान लागतं, फक्त माठात बोअरचं भरलेलं नसावं. अर्क पाच-सहा दिवस टिकतो आणि साडेसातच्या घाईत याहून कमी वेळाचं काही नाही.

एका कपाची कागदी ड्रिप पाकिटं प्रवासाला, ऑफिसला ठीक. रोजच्याला कपाचा खर्च अंगावर येतो. विजेचा ड्रिप मेकर पाच-सहा जण एकत्र बिनदुधाची पिणार असतील तरच, आणि त्यात कॉफी तयार होताच थर्मासमध्ये ओता, खालच्या तापत्या प्लेटवर ती करपते. तीन-चार हजारांची वाफेवरची ‘एस्प्रेसो’ मशीन घेऊ नका: दाब अपुरा, कॉफी जळकी, आणि आपल्या पाण्याने वर्षभरात नळी चोंदते. कॅप्सूलची, म्हणजे एकेका कपाच्या बंद कुपीतल्या पावडरीची, मशीन सोयीची आहे खरी, पण तिथे तुम्ही आयुष्यभर कॅप्सूलचे गिऱ्हाईक होता.

इन्स्टंटची बरणी फेकू नका. साखर आणि चार थेंब पाण्याबरोबर फेटून पांढरट फेस करायची कॉफी इन्स्टंटचीच होते, फिल्टरच्या पावडरीने होत नाही. याच्या उलट चूकही बऱ्याच घरांत होते: इन्स्टंट फिल्टरमध्ये घातली जाते, ती विरघळून क्षणात खाली येते आणि ‘फिल्टर बिघडला’ म्हणून तो माळ्यावर जातो. पाकिटावर ‘इन्स्टंट’ आहे की ‘फिल्टर कॉफी’, तेवढं वाचा.

चुकून दळण भलतंच आलं तर पावडर वाया जात नाही. प्रेससाठीची जाड पावडर फिल्टरला फिकी पडते. ती पातेल्यात किंवा थंड पाण्यात भिजवायला वापरा. फार बारीक आली तर फिल्टरमध्ये छत्री न दाबता नुसती ठेवा, पाणी तीन टप्प्यांत घाला आणि रात्रभर वेळ द्या. तरीही अडली तर त्या पाकिटापुरती पावडर पातेल्यात भिजवा, पण चारऐवजी दोनच मिनिटं, आणि मलमल दुहेरी घ्या.